सायकलवरची बाटली

स्वेटर घाला, त्यावर कोट चढवा, आणि रुमाल नाकाला लावायचा विचार सोडून द्या. त्याने काही भागणार नाही.

दार ढकललंत की जो भपकारा येतो तो तुमच्या ओळखीचाच आहे. श्रावणात माळ्यावरची चामड्याची बॅग काढावी आणि उघडताना तोंड फिरवावं, तसा. पापडाच्या डब्यात पाणी शिरल्याचं महिन्याभराने कळावं, तसा. बुरा! फक्त इथे तो डब्यापुरता नाही. जिन्यात आहे, टेबलांच्या खणांत आहे, तुमच्या शेजारून घाईने गेलेल्या त्या माणसाच्या कोटालासुद्धा आहे. त्या कोटाच्या अस्तरात बुरशी खरोखरच चोळून ठेवलेली आहे. जर्मन सैन्य इंग्लंडात उतरलंच तर प्रयोगशाळेतलं सगळं नष्ट करायचं आणि बुरशीचे बीजाणू अंगावरच्या कपड्यांतून घेऊन निसटायचं, असं इथल्या काहीजणांनी उन्हाळ्यातच ठरवून ठेवलंय.

हे ऑक्सफर्ड. साउथ पार्क्स रोडवरचं सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजी. साल 1940, थंडी नुकती पडू लागलीय. लंडनला फ्लेमिंगच्या काचेच्या ताटलीत ती प्रसिद्ध बुरशी उगवली त्याला बारा वर्षं झाली. तिच्या रसात जंतू मारणारं काहीतरी आहे, एवढं तेव्हा कळलं. ते ‘काहीतरी’, म्हणजे पेनिसिलिन, रसातून वेगळं काढून माणसाच्या शिरेत सोडता येईल का, यासाठी ही इमारत दिवसरात्र जागी आहे.

तुम्हाला इथे कोणी ओळखत नाही. काळजी करू नका. युद्धामुळे माणसं कमी आहेत, आणि रिकामा दिसेल त्या हातात बाटली दिली जाते. ही घ्या तुमची. घट्ट धरा.

आत आलात तसे पाय जरा जपून टाका. जमिनीवर, कपाटांवर, खिडकीच्या कट्ट्यावर जे पसरलंय ते प्रयोगशाळेचं सामान वाटणार नाही, कारण ते नाहीच. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, दुधाचे कॅन, पसरट ताटं, आणि हो, ते बेडपॅनच आहेत. इस्पितळातले. बुरशीला पसरायला उथळ, रुंद भांडं लागतं. खोल बाटलीत ती नीट वाढत नाही. युद्धाच्या दिवसांत काच मिळत नाही, धातू मिळत नाही. तेव्हा नॉर्मन हीटली नावाच्या त्या सडपातळ, हळू बोलणाऱ्या माणसाने हाताला लागेल त्या भांड्यात बुरशी लावून पाहिली, आणि सगळ्यांत बेडपॅन सरस ठरला.

हीटलीकडे नीट बघून घ्या. त्याचं नाव पुष्कळांना ठाऊक नसतं. प्रयोगशाळेचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी ऑस्ट्रेलियाचे, तोडून बोलणारे. त्यांचे सहकारी एर्न्स्ट चेन हिटलरच्या जर्मनीतून आलेले, मोठ्या मिशांचे, भडक डोक्याचे. या दोघांना पुढे नोबेल मिळालं. पण त्यांच्या मधला पूल हीटली आहे. पेनिसिलिन रसातून बाहेर काढता येत होतं, हाती मात्र राहत नव्हतं. आम्ल घालून, थंडगार करून ते ईथरमध्ये ओढून घ्यायचं इथवर जमलं होतं. तिथून ते किंचित अल्कली असलेल्या पाण्यात परत आणावं, ही साधी वाटणारी युक्ती याची.

ईथरचं नाव निघालंच आहे तर खिडकीपाशी जा. डोकं हलकं झालंय ना? ते ईथरच. अर्धा तास उभं राहिलं की घशाला गोडसर कोरड पडते आणि पापण्या जड होतात. ठिणगी पडली तर इमारतच जाईल, म्हणून इथे काडी ओढायचं मनातही आणू नका.

काम करता करता लोक तुम्हाला मे महिन्यातली ती रात्र सांगतील. आठ उंदरांना प्रत्येकी 11 कोटी स्ट्रेप्टोकॉकस टोचले होते. त्यातल्या चौघांना नंतर पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. हीटली एकटा पिंजऱ्यांपाशी बसून राहिला. उंदरांच्या खोलीचा वास तुम्ही घेतलाच असेल; भुसा, मूत्र आणि ओलं लोकरीचं कापड एकत्र केल्यासारखा. पहाटे पावणेचारपर्यंत औषध न दिलेले चारही गेले होते. बाकीचे चार भुशात हुंगत फिरत होते. हीटली सायकल काढून काळोखातून घरी गेला. त्या शहरात तेव्हा रस्त्यावर दिवा लावायला बंदी होती, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

पण मी तुम्हाला इथे आणलं ते उंदरांसाठी नाही. जिन्याने वर चला. एका माणसाची ओळख करून द्यायची आहे.

एडवर्ड एब्रहॅम. वय सत्तावीस. रसायनशास्त्रज्ञ, साउदम्प्टनचा. गेल्या वर्षापर्यंत स्वीडनला होता, नुकतंच एका नॉर्वेजियन मुलीशी लग्न झालंय. तो तुमच्याकडे बघून मान हलवील आणि परत कामाला लागेल. कमी बोलणारा माणूस आहे, आणि पुढची पन्नास वर्षं तो याच एका प्रश्नाच्या मागे राहणार आहे.

प्रश्न असा. पेनिसिलिन काही जंतूंना मारतं आणि काहींचं काहीच वाकडं करत नाही. माणसाच्या आतड्यात राहणारा तो कोलाय जीवाणू, त्याला या औषधाने काही होत नाही. का?

चेन आणि एब्रहॅम यांनी या जीवाणूंचा दाट लगदा घेतलाय. जीवाणू भरडायचं एक यंत्र आहे, त्यात तो घातलाय. जात्यात दाणा भरडावा तसा जीवाणू भरडायचा, त्याची भिंत फुटेल आणि आतलं सगळं बाहेर येईल इतका. आवाज ऐका, खर्रखर्र, थांबून पुन्हा खर्रखर्र. आतड्यातल्या रहिवाशाचा लगदा आहे, तेव्हा वासाबद्दल वेगळं सांगायला नको. तोंडाने श्वास घ्या.

आता जे स्वच्छ पाणी वर निघालं ते थोडं पेनिसिलिनमध्ये घालायचं, ऊब द्यायची आणि थांबायचं. मग ताटलीवर तपासायचं. जंतू पेरलेल्या ताटलीवर एक छोटी नळी उभी करून तिच्यात औषध ओततात. औषधात दम असेल तर नळीभोवती एक स्वच्छ, जंतू नसलेलं वर्तुळ उमटतं. इथे सगळ्यांना त्या वर्तुळाचं वेड लागलंय. सकाळी आल्या आल्या कोट काढायच्या आधी लोक ताटल्या उजेडात धरतात.

तुमच्या हातातली ताटली उजेडात धरा.

वर्तुळ नाही. नळीच्या कडेपर्यंत जंतू उगवलेत, सारवलेल्या अंगणासारखे एकसारखे. भरडलेल्या जीवाणूच्या पाण्याने पेनिसिलिन खाऊन टाकलंय. तेच पाणी आधी चांगलं तापवून घेतलं तर मात्र त्याची खोड मोडते आणि औषध शाबूत राहतं. म्हणजे त्या पाण्यात एक विकर आहे, एन्झाइम, जे नेमकं पेनिसिलिनच मोडतं. दोघांनी त्याला नाव दिलं पेनिसिलिनेज.

जरा थांबा इथे. घाई नाही.

इथल्या प्रयोगशाळेतलं हे औषध अजून एकाही आजारी माणसाच्या अंगात गेलेलं नाही. सगळ्या जगात त्याचा साठा चमचाभरही नाही. आणि ते मोडायची रीत जीवाणूच्या पोटात तयार आहे. आपण अँटिबायोटिक खूप वापरलं, चुकीचं वापरलं, म्हणून जंतू शहाणे झाले, हे खरंच आहे. पण त्यांनी ते ज्ञान आपल्याकडून घेतलं नाही. बुरशी आणि जीवाणू यांचं मातीतलं भांडण माणसाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. आपण फक्त एका बाजूचं हत्यार उचललं, तेव्हा दुसऱ्या बाजूची ढाल तिथेच पडलेली होती.

मला हे लिहिताना एक कागद राहून राहून आठवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना थंडी वाजून ताप भरला, लघवीचा संसर्ग निघाला. तिसऱ्या दिवशी कल्चर रिपोर्ट हातात आला. वर जीवाणूचं नाव, ई. कोलाय. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. वरून खाली बोट फिरवत गेलो. ‘सेफ’ने सुरू होणारी चार नावं ओळीने होती, चौघांपुढे आर. डॉक्टरांनी कागद बघितला आणि न बोलता सलाईनमधलं औषध बदललं. ऑक्सफर्डच्या त्या खोलीत भरडला जाणारा जीवाणू याच जातीचा होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चला, खाली चला. नाताळ आलाय.

23 डिसेंबरला हीटली स्टॅफर्डशरमधल्या बर्स्लेमच्या कुंभारांकडून भांडी घेऊन आला. बेडपॅनच्याच धर्तीवर त्याने आकार काढून दिला होता: चौकोनी, उथळ, कडेला चोच, एकावर एक रचता येतील अशी. 174 आली. मातीची, आतून चकचकीत. एकमेकांवर टेकताना त्यांचा जो टण् आवाज होतो तो तुम्हाला पुढचे काही आठवडे झोपेतही ऐकू येईल. नाताळच्या दिवशी, बाहेर चर्चच्याही घंटा बंद असताना, हीटली भांड्यांत बुरशी पेरतोय. आणि नाताळनंतर तीन दिवसांनी, 28 डिसेंबरच्या ‘नेचर’च्या अंकात चेन आणि एब्रहॅम यांचं ते छोटं पत्र छापून येतं: पेनिसिलिन नष्ट करणारं एक विकर जीवाणूंत सापडलं आहे. एका खोलीत औषध पेरलं जातंय आणि त्याच आठवड्यात ते मोडणारं विकर जगाला कळवलं जातंय.

जानेवारीत आता तुम्हाला खरं काम आहे. सहा मुली कामावर ठेवल्यात, आठवड्याला दोन पौंड पगार. त्यांच्या मागे उबदार खोलीत शिरा. चष्मा असेल तर लगेच धुरकट होईल. भांड्यांच्या रांगा, भिंतीपर्यंत. झाकण उचलून बघा. रसावर आधी पांढरी, दुधावरच्या सायीसारखी पापडी धरते. मग तिला सुरकुत्या पडतात, ती निळसर हिरवी होते आणि तिच्यावर सोनेरी पिवळे थेंब जमतात, पहाटे अळूच्या पानावर असावेत तसे. त्या पिवळ्या रंगाने मुलींची बोटं पिवळी झालीयेत. रंग फवारायच्या पिचकारीने त्या बीजाणू फवारतात, पापडी न मोडता खालचा रस ओढून घेतात आणि तिच्याखाली नवं खाद्य सोडतात. दमट उकाड्यात पाठ वाकवून, दिवसभर.

मग तोच रस घेऊन शीतखोलीत. आता कोटाची बटणं लावा, हातमोजे घाला. मुली इथे गळपट्टे गुंडाळून उभ्या आहेत, तोंडातून वाफा निघतायत. समोरचं ते उंच, विचित्र यंत्र हीटलीने उभं केलंय: बॉडलीअन ग्रंथालयाने टाकून दिलेलं पुस्तकांचं कपाट, त्यावर बाटल्या, काचेच्या लांब नळ्या, रबरी नळ्या, रंगीत दिवे आणि दाराची एक घंटा. बाटली रिकामी झाली की घंटा वाजते. ट्रिंग! पळा, तुमची पाळी. ईथरऐवजी इथे आता अमिल ॲसिटेट आहे, म्हणून अचानक नाकात केळ्याचा इसेन्स शिरतो. भर थंडीत, बुरशीच्या वासात, शिकरणीची आठवण यावी असा गोड वास. पहिल्या दिवशी मजा वाटते. आठवड्याने केळं नको होतं.

एवढं करून हाती काय लागतं? चिमूटभर तपकिरी पिवळी भुकटी. दहा लाख भाग रसात औषध जेमतेम एक-दोन भाग. एका माणसाच्या गंभीर संसर्गाला पुरेल एवढं औषध काढायला हजारो लीटर रस गाळावा लागतो.

म्हणून 12 फेब्रुवारी 1941ला रॅडक्लिफ इन्फर्मरीच्या वॉर्डात तुम्ही पाऊल ठेवता तेव्हा सगळे श्वास रोखून का उभे आहेत ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. तुमच्या पिवळ्या बोटांना ते ठाऊक आहे.

कार्बोलिकचा वास, आणि त्याखाली पुवाचा, जो कार्बोलिकने जात नाही. खाटेवर अल्बर्ट अलेक्झांडर, पोलीस शिपाई, वय त्रेचाळीस. चेहऱ्यावरच्या एका लहान जखमेतून स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस शरीरभर गेलेत. डोक्यावर, चेहऱ्यावर, खांद्यावर गळवं. एक डोळा काढून टाकावा लागलाय. फुप्फुसं भरलीत. तुम्हाला मान फिरवावीशी वाटेल. फिरवू नका, तो बघतोय.

200 मिलिग्रॅम शिरेतून. मग दर तीन तासांनी थोडं थोडं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरू लागतो. पू आटतो. चेहऱ्याची सूज ओसरते. चार दिवसांत माणूस उठून जेवतो! वॉर्डातल्या नर्स मधूनमधून उगाच त्याच्या खाटेपाशी चक्कर टाकतात. जंतुसंसर्गाने एवढा पोखरलेला माणूस परत येताना त्यांनी कधी पाहिलेला नाही.

आणि आता ती बाटली. पेनिसिलिन शरीरात टिकत नाही, मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात. म्हणून पोलिसाची लघवी साठवून ती डन स्कूलला न्यायची, तिच्यातलं औषध परत काढायचं आणि त्याच्याच शिरेत परत द्यायचं. ने-आण सायकलवर. आजची खेप तुमची.

बाटली अजून कोमट आहे. कोटाच्या आत धरा आणि एका हाताने हँडल सांभाळा. रस्ता मैलभराचा, पण गोठलेला, आणि कोपऱ्यावर सैनिकांची रांग, लष्करी ट्रक, काळ्या झग्यातले विद्यार्थी, कोळशाची गाडी. बोटं बधिर होतात. कोणीतरी वाट अडवून उभं आहे. घंटी वाजवा, ओरडा, काही करा, पण सांडू देऊ नका. जगातलं निम्मंअधिक पेनिसिलिन या क्षणी तुमच्या काखेत आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पाचव्या दिवशी औषध संपलं.

शीतखोलीतली घंटा वाजतच होती, मुली वाकून रस ओढतच होत्या, पण बुरशी कोणासाठी घाई करत नाही. तिला दहा दिवस लागतात. पोलीस काही दिवस बरा राहिला, मग फुप्फुसांतला संसर्ग उलटला. 15 मार्चला तो गेला. यानंतर फ्लोरींच्या मंडळींनी मुख्यतः मुलांवर उपचार केले, कारण लहान शरीराला कमी औषध पुरतं.

तुम्ही ती सायकल भिंतीला टेकवून ठेवा. पुढची वर्षं भरभर जाऊ देऊ. 1943च्या शरदात एब्रहॅम पेनिसिलिनच्या रेणूची आकृती सुचवतो: आत चार अणूंची एक ताणलेली चौकट. मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मान्य करत नाहीत. दोन वर्षांत डोरोथी हॉजकिन क्ष-किरणांनी ती तशीच असल्याचं दाखवतात. पेनिसिलिनेज कापतं ती नेमकी हीच चौकट. 1940मध्ये स्टॅफिलोकॉकसमध्ये हे विकर सापडलं नव्हतं. तेव्हा. पेनिसिलिन इस्पितळांत पोचलं आणि लंडनच्या एका इस्पितळात मेरी बार्बर स्टॅफिलोकॉकस तपासू लागल्या: 1946 साली शंभरातले 14 पेनिसिलिनला न जुमानणारे, पुढच्या वर्षी 38, त्याच्या पुढच्या वर्षी 59.

आता उतरा. तीच इमारत, 1953. काळे पडदे गेलेत, बेडपॅनही गेलेत. तुम्ही श्वास घेता आणि हसू येतं, बुऱ्याचा वास आहे तसाच. पेनिसिलिन आता कारखान्यांतल्या टाक्यांत बनतं. आपल्याकडे पिंपरीतही पुढच्याच वर्षी सरकारी कारखान्याची कंपनी स्थापन व्हायची आहे. एब्रहॅम चाळिशीचा झालाय, कपाळ मागे सरकलंय, बोलणं तेवढंच कमी. शेजारी गाय न्यूटन. टेबलावरची बुरशी दुसरीच आहे. सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे ती जुझेप्पे ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकाला सापडली. तिच्या रसात एका पेनिसिलिनच्या मागे लपलेलं आणखी काहीतरी हाती लागलंय. ताकद बेताची. दुसऱ्या कोणी बाटली धुऊन टाकली असती.

एब्रहॅम धुवत नाही. तो उठून पेनिसिलिनेज घेऊन येतो. तेरा वर्षांपूर्वी त्या भरडणाऱ्या यंत्रापाशी लागलेली सवय आहे ही: नवं काही हाती आलं की ते काय मारतं हे बघून थांबायचं नाही, त्याला काय मारतं हेही बघायचं. विकर मिसळायचं, ऊब द्यायची, थांबायचं. खोलीत कोणी बोलत नाही. नळाचं पाणी ठिबकतंय. बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत जाते आणि तुमचा हात नकळत काखेकडे जातो.

सकाळी ताटली उजेडात धरा.

वर्तुळ आहे. लहानसं, कडा जरा अंधुक, पण आहे. विकराला ही चौकट कापता आलेली नाही. या पदार्थाला त्यांनी नाव दिलंय सेफॅलोस्पोरिन सी. तुम्ही एब्रहॅमकडे बघता, आता तरी तो काही बोलेल म्हणून. तो वहीत दोन ओळी लिहितो, पेन खिशाला लावतो आणि पुढची ताटली उचलतो.